घराची गोष्ट, चित्रांच्या पुस्तकात

(पालक व शिक्षकांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाची संहिता)



नाशिकला रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरी गेलेल्या अनेक कुटुंबांना एक अनुभव येतो. तीर्थोपाध्याय मूळ गाव विचारतात, आडनाव विचारतात आणि कापडात बांधलेली एक जुनी वही उलगडतात. थोड्याच वेळात त्यांचे बोट एका ओळीवर थांबते. पणजोबा याच घाटावर येऊन गेल्याची नोंद तेथे असते. वडील भारावून जातात, आई डोळे पुसते. शेजारी उभा असलेला सात-आठ वर्षांचा मुलगा मात्र विचारतो, "पण ते दिसायचे कसे? करायचे काय? त्यांना कशाची भीती वाटायची?" या प्रश्नांना वडिलांजवळ उत्तर नसते. वहीत नाव सापडलेले असते. माणूस सापडलेला नसतो.

नाव आणि माणूस यांच्यामधले हे अंतर भरून काढण्याचे काम आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या गोष्टीने केले. देवघरासमोर, माजघरात, अंगणातल्या बाजेवर आजी सांगत असे आणि मूल ऐकता ऐकता आपल्या डोळ्यांसमोर चित्र रंगवीत असे. आता आजी एका गावी आणि नातवंडे दुसऱ्या शहरी, कधी तर दुसऱ्या खंडात. अशा वेळी घराची गोष्ट मुलापर्यंत नेणारे वाहन म्हणून चित्रांच्या पुस्तकाकडे पाहावे लागते. हे पुस्तक कसे असावे, त्यातील चित्रांनी काय करावे आणि आपल्याला त्यात काय करता येईल, याचा विचार आज येथे करावयाचा आहे.

चित्र दाखवीत कथा सांगण्याची परंपरा

चित्र दाखवून कथा सांगणे ही आपल्याकडे पाश्चात्त्य छापखान्याबरोबर आलेली गोष्ट नव्हे. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर (तिसरा) याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात चित्रांच्या साहाय्याने कथा सांगणाऱ्याचा उल्लेख आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजाने चित्रकथीची ही परंपरा आजतागायत सांभाळली. एका आख्यानाच्या चित्रांच्या संचाला तेथे 'पोथी' म्हणतात. रामायण-महाभारतातील एकेक प्रसंग एकेका कागदावर रंगवलेला. कथेकरी ते चित्र प्रेक्षकांसमोर धरतो, वाद्यांच्या साथीवर प्रसंग गातो आणि प्रसंग संपला की पुढचे चित्र समोर येते. आजच्या बालपुस्तकात पान उलटल्यावर मुलाला जे कुतूहल वाटते, तेच कुतूहल या पोथीतले पुढचे चित्र येताना खेड्यातल्या श्रोत्यांना वाटत असे.

येथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की चित्रकथी हा स्वतःच एक कौटुंबिक वारसा आहे. पोथी बापाकडून मुलाकडे आली. चित्र कोणत्या क्रमाने दाखवायचे, कोठे आवाज चढवायचा, कोठे थांबायचे, हे कागदावर लिहिलेले नव्हते. ते घरात बसून शिकावे लागे. करमणुकीची नवी साधने आली, तेव्हा ही परंपरा लोप पावण्याच्या बेताला आली होती. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांनी आपल्या घरच्या गोठ्याचे रूपांतर संग्रहालयात केले, चित्रे आणि बाहुल्या जतन केल्या आणि पुढच्या पिढीला कला शिकवली. २०२१ साली त्यांना 'पद्मश्री'ने गौरवण्यात आले. गोठा रिकामा करून तेथे पूर्वजांची चित्रे लावणाऱ्या या कलावंताने वारसा या शब्दाचा अर्थ कृतीने सांगितला आहे.

राजवाड्यातही हे काम झाले. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते. त्यांचे 'चित्ररामायण' १९१६ साली प्रसिद्ध झाले. पिंगुळीचा कथेकरी आणि औंधचा राजा यांची परिस्थिती अगदी भिन्न; परंतु पुढच्या पिढीच्या डोळ्यांसमोर राम उभा राहिला पाहिजे, ही तळमळ दोघांची एकच.

वंगभूमीतील एक घर

एखादे घर आपला वारसा चित्रांच्या आणि गोष्टींच्या रूपाने कसे जपू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण पाहावयाचे तर बंगालमध्ये जावे लागेल.

वंगभंगाच्या चळवळीने बंगाल ढवळून निघाला होता, तो काळ. परदेशी कापडाच्या होळ्या पेटत होत्या. त्या धामधुमीत दक्षिणारंजन मित्र मजुमदार नावाचा एक तरुण मैमनसिंग भागातील खेड्यांत हिंडून म्हाताऱ्या बायकांकडून गोष्टी ऐकत होता, टिपून घेत होता. १९०७ साली त्या गोष्टींचे पुस्तक झाले. त्याचे नाव 'ठाकुरमार झुली', म्हणजे आजीची पोतडी. त्यातील चित्रेही दक्षिणारंजनांनीच काढली. प्रस्तावना रवींद्रनाथांची. आजीच्या गोष्टींइतकी अस्सल स्वदेशी वस्तू दुसरी नाही. पण तीही आता परदेशच्या कारखान्यातून येऊ लागली आहे, अशा आशयाची खंत त्यांनी तीत व्यक्त केली आहे. कापडाची स्वदेशी सर्वांना दिसत होती. गोष्टीची स्वदेशी ओळखायला मात्र कवीची नजर लागली.

त्याच काळात कलकत्त्यात उपेंद्रकिशोर राय चौधुरी हे मुलांसाठी लिहीत आणि चित्रे काढीत होते. मुलांसाठी त्यांनी रामायण लिहिले, चित्रेही काढली. परंतु त्या काळच्या लाकडी ठशांनी छापताना चित्रांची पार रया गेली. दुसरा एखादा लेखक छापखान्याला दोष देऊन स्वस्थ बसला असता. उपेंद्रकिशोरांनी १८९५ च्या सुमारास विलायतेहून साहित्य मागवले, हाफटोन ठसे बनवण्याचे शास्त्र स्वतः अभ्यासले आणि त्यात इतके प्रावीण्य मिळवले, की त्यांचे शोधनिबंध विलायतेतील मुद्रणविषयक वार्षिकात छापले गेले. मुलांच्या हातात जाणारे चित्र नीट उमटले पाहिजे, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप! त्यातूनच 'यू. राय अँड सन्स' ही मुद्रणसंस्था उभी राहिली. 

१९१० साली त्यांचे 'टुनटुनीर बई' हे पुस्तक आले. पूर्व बंगालमधील मुले संध्याकाळी जेवणाआधीच पेंगू लागत. त्यांना जागे ठेवण्यासाठी घरातल्या बायका ज्या गोष्टी सांगत, त्याच या गोष्टी, असे उपेंद्रकिशोरांनी नमूद केले आहे. चिमुकला टुनटुनी पक्षी, वाघ आणि कोल्हा यांच्या त्या गोष्टी स्वयंपाकघराच्या दारातून थेट पुस्तकात आल्या. पुढे १९१३ साली त्यांनी 'संदेश' हे मुलांचे मासिक काढले. बंगालीत संदेश म्हणजे निरोप, आणि संदेश म्हणजे मिठाईसुद्धा. लिहिणारे तेच, चित्रे काढणारे तेच, ठसे बनवणारे तेच आणि छापणारेही तेच.

१९१५ च्या डिसेंबरात उपेंद्रकिशोर निवर्तले. त्यांचे चिरंजीव सुकुमार राय यांनी 'संदेश' पुढे चालवला. त्यांच्या 'आबोल ताबोल' या विनोदी कवितांच्या पुस्तकातील चित्रेही त्यांचीच. आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी त्याची सर्व मांडणी पूर्ण केली. परंतु १० सप्टेंबर १९२३ रोजी त्यांचे निधन झाले आणि पुस्तक त्यानंतर काही दिवसांनी बाहेर पडले. मागे राहिली पत्नी सुप्रभा आणि सव्वादोन वर्षांचा मुलगा सत्यजित.

पुढे छापखाना बुडाला. घर गेले. माय-लेक मामांच्या आश्रयाला गेले. त्या मुलाने आजोबांना पाहिलेच नव्हते. त्याच्या जन्माआधी पाच वर्षांहून अधिक काळापूर्वीच ते गेले होते. वडिलांची आठवण म्हणाल तर खिडकीशी बसून चित्र काढणारे वडील आणि 'बोट चालली' म्हणताच अंगणात धावलेला आपण, अशी पुसट. छापखान्यातला टर्पेंटाइनचा वास तेवढा मनात राहिला. लौकिक अर्थाने पाहिले, तर या घराचा वारसा येथेच संपावयाचा.

तो संपला नाही, कारण आजोबा आणि वडील पुस्तकांत होते. त्यांची अक्षरे होती, त्यांची चित्रे होती, आणि ती मुलाच्या हाती देणारी आई होती. मोठा झाल्यावर सत्यजित शांतिनिकेतनात चित्रकला शिकला. विभूतिभूषण बंदोपाध्याय यांच्या 'पथेर पांचाली'च्या बालआवृत्तीची चित्रे त्याने काढली आणि त्या चित्रांतूनच पुढे जगद्विख्यात चित्रपटाचे बीज पडले. १९६१ साली, वयाच्या चाळिशीत, सत्यजित राय यांनी आजोबांचा 'संदेश' पुन्हा सुरू केला. आजोबांची 'गुपी-बाघा'ची कथा १९१५ साली 'संदेश'मध्ये आली होती. १९६९ साली नातवाने तिचा चित्रपट केला, तो मुलांसाठी एखादा चित्रपट काढा म्हणून हट्ट धरणाऱ्या आपल्या मुलासाठी. पणजोबांची कथा, वडिलांचे दिग्दर्शन आणि समोर बसलेला पणतू! तोच मुलगा, संदीप राय, पुढे 'संदेश'चा संपादकही झाला.

या घरातील स्त्रियांचा वाटाही विसरता कामा नये. उपेंद्रकिशोरांच्या कन्या सुखलता राव या मुलांसाठी लिहीत आणि चित्रेही काढीत. दुसऱ्या कन्या पुण्यलता चक्रवर्ती यांनी आपल्या बालपणीच्या घराच्या आठवणी लिहून ठेवल्या. पुतणी लीला मजुमदार आणि पुण्यलतांची कन्या नलिनी दास या नव्या 'संदेश'च्या संपादनात सत्यजित राय यांच्या जोडीला होत्या. सत्यजितांनीही 'जखन छोटो छिलाम', म्हणजे 'लहान होतो तेव्हा', हे बालपणीचे पुस्तक लिहिले आणि त्यात स्वतःची चित्रे घातली. एकाच घरातील चार पिढ्या मुलांसाठी झटल्या. इस्टेट गेली तरी घर टिकले, ते असे.

राष्ट्राचा वारसा आणि घराचा वारसा

आपल्याकडे मुलांना भारताचा वारसा चित्ररूपाने देण्याचे मोठे काम १९६७ पासून 'अमर चित्र कथे'ने केले. तिचे प्रवर्तक अनंत पै यांनी दूरदर्शनवर मुलांची एक प्रश्नमंजूषा पाहिली. ग्रीक पुराणातील प्रश्नांची उत्तरे मुलांनी दिली. रामाच्या आईचे नाव मात्र त्यांना सांगता आले नाही. त्या अस्वस्थतेतून शेकडो चित्रकथा निर्माण झाल्या. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारख्या चित्रकारांनी मुलांच्या कित्येक पिढ्यांसाठी राम-कृष्ण, शिवाजी महाराज, झाशीची राणी यांना चेहरे दिले. पै २०११ साली गेले. त्यांचे ऋण आपल्यावर कायमचे आहे.

परंतु रामाच्या आईचे नाव सांगू शकणाऱ्या मुलाला आपल्या आजीच्या आईचे नाव विचारून पाहावे. येथे जमलेल्या मोठ्यांनीही मनातल्या मनात ते आठवून पाहावे. बहुतेकांची जीभ अडखळेल. राष्ट्र म्हणून असलेली ओळख पुस्तकांनी राखली. घर म्हणून असलेली ओळख मात्र हातातून निसटते आहे. आणि ज्याला आपल्या घराची कथा ठाऊक नाही, त्याला राष्ट्राची कथा कितीही सुंदर असली, तरी ती दुसऱ्याचीच वाटते. देश नावाची मोठी गोष्ट मुलाला आपलीशी वाटावयाची, तर तिच्यात त्याच्या घरचे कोणीतरी दिसले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, 'आमच्या घराण्यात सांगण्यासारखे काय आहे? सरदारकी नाही, सनद नाही.' या शंकेचे उत्तर साने गुरुजींनी केव्हाच देऊन ठेवले आहे. 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. त्या पुस्तकात ना लढाई, ना राजवाडा. कोकणातल्या कर्जबाजारी घरातली एक आई आणि तिचा मुलगा. त्या घराने जगाच्या दृष्टीने सारे गमावले. पण त्या घरची गोष्ट अवघ्या महाराष्ट्राच्या घरांची झाली. वारसा वैभवाचाच असावा लागतो, हा गैरसमज त्या पुस्तकाने कायमचा पुसून टाकला आहे.

चित्राने काय करावे?

आता चित्रांकडे वळू. बालपुस्तकातील चित्राबद्दल आपल्याकडे एक ढोबळ समजूत आहे. मजकूर लिहून झाला, जागा उरली, तेथे चित्र टाकले. चांगल्या चित्रपुस्तकात असे होत नाही. तेथे अर्धी गोष्ट शब्द सांगतात आणि उरलेली अर्धी चित्र सांगते.

समजा, पानावर एकच वाक्य आहे : 'पणजी पहाटे उठत असे.' चित्रकाराने पणजी उठताना दाखवली, तर त्याने लेखकाचेच वाक्य पुन्हा म्हटले. उलट त्याने अंधारे माजघर दाखवले, दिवळीतली मिणमिणती पणती दाखवली, जात्याभोवती पसरलेले पीठ, दळणाऱ्या दोघी जावा, उबेला चुलीजवळ मुटकुळे करून पडलेले मांजर आणि कोपऱ्यातल्या झोळीतून बाहेर आलेला एक इवलासा पाय दाखवला, तर मूल तो पाय शोधून काढते आणि विचारते, "हे बाळ कोण?" तेव्हा आई म्हणते, "हे तुझे पणजोबा." ज्या पणजोबांचे नाव वहीत होते, ते एका क्षणात झोळीतले बाळ होतात. एवढे सामर्थ्य एका चित्रात असते.

त्यासाठी तपशील मात्र खरा हवा. चित्रकारांनी या बाबतीत फार ढिलाई केली आहे. कोणत्याही शतकातील कोणत्याही खेड्याचे चित्र काढायचे, की दोन डोंगर, मधून सूर्य, एक नदी आणि नारळाचे झाड! मराठवाड्यातले माळवदाचे घर, कोकणातले उतरत्या छपराचे घर, पुण्यातला चौकाचा वाडा आणि गिरणगावातली चाळीतली खोली यांत उजेड वेगळा पडतो, बसण्याची जागा वेगळी असते, पाणी येण्याची वाट वेगळी असते. आजोबांचे डोके पागोट्याचे, की टोपीचे, की फेट्याचे, यावरून त्यांचा प्रदेश आणि व्यवसाय कळतो. नऊवारी लुगडेही शेतात खोचले जाते वेगळे आणि लग्नात नेसले जाते वेगळे. असे चित्र मूल आज पाहते आणि उद्या एखाद्या जुन्या घराच्या अडगळीत पाटा-वरवंटा दिसला, की त्याला तो ओळखता येतो.

पान उलटणे हेही चित्रपुस्तकाचे एक साधन आहे. पुण्यातील कित्येक घरांत पानशेतच्या पुराची आठवण सांगितली जाते. १२ जुलै १९६१, बुधवार. एका पानावर पेठेतील वाड्याची नेहमीची सकाळ : नळावरची भांडी, शाळेला निघालेली मुले. पान उलटावे, तो दोन्ही पाने भरून मातकट पाणी आणि गच्चीवर गोळा झालेली माणसे. तिसऱ्या पानावर पाणी ओसरलेले, दोरीवर वाळत घातलेली पोथीची पाने आणि शेजाऱ्याच्या घरी एकाच पंगतीला बसलेली चार बिऱ्हाडे. या प्रसंगाला शब्द फारच थोडे लागतील. संकट केवढे होते आणि माणसे एकमेकांना कशी धरून राहिली, हे मूल स्वतःच्या डोळ्यांनी वाचील.

प्रत्येक घरापाशी अशी एखादी तारीख असते. कोणाकडे ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाची रात्र आहे. कोणाकडे १९७२ च्या दुष्काळातील खडी फोडण्याचे काम आणि सुकडीची चव आहे. कोणाचे आजोबा १९८२ च्या गिरणी संपात घरी बसले आणि आजीने पोळ्या लाटून घर चालवले. गोव्यातील घरांपाशी १९ डिसेंबर १९६१ ची सकाळ आहे. आणीबाणीत वडील येरवड्याच्या तुरुंगात आणि आईच्या एकटीच्या खांद्यावर सारा संसार, ही १९७५ ते ७७ ची कथा तर येथील अनेक घरांना सांगावी लागू नये, इतकी जवळची आहे. मात्र नेमके तेथेच चुकते. आपल्याला ठाऊक आहे, म्हणून ती सांगितली जात नाही. आणि सांगितली न गेल्याने नातवाला ठाऊक राहत नाही.

खरे सांगावे, मुलाला पेलेल असे सांगावे

घराची गोष्ट सांगताना एक मोह आवरावा लागतो. आपले सारेच पूर्वज शूर, सारेच दानी, सारेच विद्वान, असे रंगवण्याचा तो मोह. मुलांना खोटे फार लवकर कळते. जुन्या घरांच्या आठवणींत केशवपन झालेली आत्याबाईही असते. माजघराच्या कोपऱ्यात, तांबड्या आलवणात. अंगणात दुरून पाणी वाढले जाणारा माणूसही असतो. त्यांना चित्रातून वगळले, तर चित्र सुबक होईल. पण घर खोटे होईल.

यातून मार्ग काढता येतो. त्या आत्याबाईंनीच घरातली सारी मुले वाढवली, सारी स्तोत्रे त्यांनाच मुखोद्गत होती आणि सणासुदीला मात्र त्यांना मागे ठेवले जात असे, असे शांतपणे सांगावे. मूल विचारील, "का?" तेव्हा "ते चूक होते, आणि पुढे शहाण्या माणसांनी ते बदलले" हे उत्तर देताना कोणाला कमीपणा वाटू नये. ज्या समाजाने आपल्या चुका स्वतः ओळखून दुरुस्त केल्या, त्या समाजाचा अभिमान मुलाला अधिक डोळसपणे वाटेल. आपला वारसा म्हणजे केवळ आपल्या जातीचा वारसा नव्हे, हेही त्याला याच पुस्तकातून कळावे. घर बांधणारा गवंडी, जाते टाकणारा पाथरवट, आजीची सुटका करणारी सुईण, पिंगुळीहून पोथी घेऊन येणारा कथेकरी, ही सारी माणसे त्या घराच्या गोष्टीत होती. चित्रात त्यांना चेहरा हवा, आणि शक्य असेल तेथे नावही हवे.

आपण काय करावे?

मराठीत या दिशेने मोलाचे काम झाले आहे, हे आनंदाने सांगितले पाहिजे. 'बालभारती'चे 'किशोर' मासिक १४ नोव्हेंबर १९७१ पासून मुलांना उत्तम चित्रांसह उत्तम साहित्य देत आले. माधुरी पुरंदरे यांनी स्वतः लिहून आणि स्वतः चित्रे काढून 'राधाचं घर'सारखी पुस्तके दिली. त्यांतले घर रोजचे आहे, आई-बाबा रोजचे आहेत, आणि म्हणूनच ते मुलांना आपले वाटते. अशी पुस्तके विकत घ्यावीत, वाढदिवसाला भेट द्यावीत. चार जणांच्या एका जेवणाला जेवढा पैसा सहज खर्च होतो, तेवढ्यात कितीतरी पुस्तके येतात.

परंतु आपल्या घराची गोष्ट कोणताही प्रकाशक छापणार नाही. ती आपल्यालाच करावी लागेल. यासाठी फार मोठा खटाटोप नको. एक साधी चित्रकलेची वही पुरे. येत्या दिवाळीत किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीजवळ नातवंडाला बसवावे. 'तुमचे जीवनचरित्र सांगा' असे म्हटले, तर आजी गप्प होईल. त्याऐवजी लहान प्रश्न विचारावेत. शाळेला कोणत्या वाटेने जायचात? वाटेत कशाची भीती वाटायची? पहिल्या पगारातून काय आणले? सासरी आल्यावर पहिली रात्र कोठे झोपलात? आई रागावली म्हणजे काय म्हणायची? एका प्रश्नातून एक प्रसंग निघेल, आणि एक प्रसंग म्हणजे एक पान.

आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवावा. आज हे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. आजीचे शब्द मात्र बदलू नयेत. ती 'फडताळ' म्हणाली, तर 'कपाट' लिहू नये. ती मालवणीत, अहिराणीत किंवा वऱ्हाडीत बोलली, तर तिचे बोलणे तसेच राहू द्यावे. शब्द हाही वारशाचाच भाग आहे. मग मुलाने चित्र काढावे आणि आजीला दाखवावे. आजी म्हणेल, "छे! विहीर या बाजूला नव्हती, आणि रहाट एवढा लहान नव्हता." ही दुरुस्ती सर्वांत मौल्यवान. त्या क्षणी तिच्या मनातले घर नातवाच्या कागदावर उतरत असते. चित्र वेडेवाकडे असले, तरी चालेल. उपेंद्रकिशोरांसारखा हात सर्वांनाच लाभत नाही. त्यांची कळकळ मात्र सर्वांना घेता येते.

परदेशी राहणाऱ्या कुटुंबांनी तर हे अवश्य करावे. उत्तर अमेरिकेत शनिवार-रविवारी भरणाऱ्या मराठी शाळांतील मुलांना व्याकरणाच्या धड्याहून आपल्याच पणजीचे हे पुस्तक अधिक मराठी शिकवील. आपल्या वस्तीतील मुलांनी केलेल्या अशा वह्यांचे प्रदर्शन गणेशोत्सवात मांडता येईल. एका मांडवात पन्नास घरांच्या पन्नास वह्या शेजारी शेजारी ठेवल्या, की तेथे साऱ्या गावाचा इतिहास उभा राहील. गिरणी कामगाराची वही आणि वतनदाराची वही एकाच टेबलावर असेल, आणि मुले दोन्ही सारख्याच कुतूहलाने उघडतील.

या कामाला उशीर मात्र परवडणारा नाही. घर विकले, तर पुन्हा घेता येते. दागिना गेला, तर पुन्हा करता येतो. आजी गेली, म्हणजे तिच्याजवळच्या गोष्टीही जातात, आणि त्या कोणत्याही वहीत, कोणत्याही दफ्तरखान्यात सापडत नाहीत. आज घरी गेल्यावर तिच्या शेजारी दहा मिनिटे बसावे, मुलालाही बसवावे. सुरुवातीला तिच्या आईचे नाव विचारावे. ते वहीच्या पहिल्या पानावर मुलाच्या हाताने मोठ्या अक्षरांत लिहावे, आणि खाली चित्रासाठी जागा मोकळी ठेवावी.